मोकळा हात

कॉफी प्यायची तर दांडा सोडावा लागतो.
प्रश्न एवढाच आहे.
बाकी सगळं बरं चाललंय:
नैऋत्येचा वारा, फार नाही,
मागे कोकारचं चर्च साखरेच्या खड्याएवढं,
पुढे सोतुंगा अजून नुसतीच एक जाडसर रेघ,
आणि फळीखाली टॉवेलात गुंडाळलेले
पाच काळे पाव, सिक्स्टेनसाठी,
जो माझ्याशी बोलत नाही
पण पाव खातो.

होडीत दोघं असली की
कॉफी हा प्रश्नच नसतो.
"धर जरा," म्हणायचं, दुसरा धरतो.
अठ्ठावीस उन्हाळे आम्ही बहीणभावांनी
हे दोन शब्द इकडून तिकडे दिले.
मग बाबांचं घर विकायचं ठरलं
(की मी ठरवलं, कुणाला विचाराल त्यावर आहे)
आणि होडी माझ्या वाट्याला आली,
दुसऱ्या माणसाशिवाय.

दांडा ओकचा, बाबांनी तासलेला.
टोकाशी चार बोटांच्या खाचा,
माझ्या मापाच्या नाहीत, करंगळी बाहेर राहते.
सोडला की होडी वाऱ्याकडे नाक वळवते,
ओढाळ गाय शेजारच्या कुरणाकडे वळावी तशी,
शीड फडफडतं
आणि दोर माझ्या कानाखाली वाजवतो.

म्हणून आज सायकलची जुनी ट्यूब आणलीय.

पहिल्यांदा बांधली ती करकचून.
स्थिर म्हणजे न हलणारं, असं मला वाटलेलं.
होडीने एक लाट सोसली, दुसरी सोसली,
तिसरीला तोंड फिरवलं.
दुसऱ्यांदा सैल.
त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मोजे भिजले.

बाबांचे हात शेवटी इतके थरथरायचे
की चमचा वाडग्यावर टिकटिक करत राहायचा.
मी त्यांचं मनगट घट्ट धरायचे,
तर थरथर माझ्या कोपरापर्यंत चढायची
आणि सूप दोघांच्या मांडीवर.
मार्यात्ता नावाची नर्स होती, तुर्कूची,
आमची भाषा तिला अर्धीमुर्धी यायची.
तिने माझी तीन बोटं एकेक करून उचलली,
दोन राहू दिली.
सूप पोचलं.
काही समजावलं नाही तिने,
तिला पुढच्या खोलीत जायचं होतं.

शीड वीतभर सोडलं.
मीही वीतभर सरकले, वाऱ्याच्या बाजूला.
ट्यूबचा एकच वेढा, ओढ राहील पण फास बसणार नाही असा.
दांडा हलतो. हलू दे.
दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे,
जेवून उठलेला पाहुणा आग्रहाला मान हलवतो तसा.
आणि होडी चालते,
सरळ नाही,
पण सोतुंगाकडेच.

आता दोन्ही हात मोकळे.
उजवा अजून अर्धा मिटलेला,
जे त्याच्यात नाही त्याच्या जाडीएवढा उघडा.
मांडीवर ठेवून पाहिला. उताणा ठेवून पाहिला.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं
या हाताला इतका रिकामा वेळ कुणी दिला नव्हता.
मागे फेसाची रेघ बघत बसले.
वाकणं होती तिच्यात, बरीच,
तरी मी धरून चालवते तेव्हाच्यापेक्षा कमी.
हे मला आवडलं नाही.
मग आवडलं.

एकोणीस मिनिटं, घड्याळाप्रमाणे.
थर्मास उघडून झाकणात कॉफी ओतली
तेवढ्यात गाड्यांनी भरलेली फेरी गेली उत्तरेला.
डेकवरून कुणीतरी हात केला.
मीही केले. दोन्ही!
झाकण गुडघ्यांत धरून,
होडीत एकटी असताना दोन्ही हात वर!
मग फेरीची लाट आली.

ट्यूब निसटली, शीड पिसाळलं,
कॉफी तळातल्या पाण्यात.
"धर जरा," मी ओरडले,
कुणाला ते मलाही माहीत नाही,
आणि धरला मीच,
दोन बोटांनी नव्हे, दहाही बोटांनी.

पाच पावांपैकी एक भिजलाय.
तो आपण खायचा की सिक्स्टेनला द्यायचा
हे ठरवायला
अजून तीन मैल आहेत.